पूजेच्या दिवशी धुतलेलं इंजिन

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्या तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या गॅरेजात पाना उचलायचा नसतो. सगळे पाने चंदन-कुंकू लावून सरस्वतीपुढे मांडलेले, दुसऱ्या दिवसापर्यंत ते तिचे. नेमकी त्याच दिवशी आमची जुनी अ‍ॅम्बॅसडर रुसून बसली, तीही व्याह्यांसमोर.

व्याही, म्हणजे लेकीचे सासरे पळनियप्पन, शाळेच्या व्हॅन चालवतात. त्या व्हॅनची दुरुस्ती आमच्याकडे द्यावी की नाही, हे बघायलाच पूजेचं निमित्त करून आले होते. म्हणून आमच्या ह्यांना सकाळपासून चकाकीचं वेड लागलेलं. कुंकू लावायच्या आधी गाडी धुवायची असते, ते ठीक. पण व्याही यायच्या आधी ह्यांनी बॉनेट उघडून थेट इंजिनावरच पाण्याचा पाइप धरला.

"अण्णा, तिथे नको," कदिरवेल म्हणाला. कदिर आमचा जुना मेस्त्री, मला धाकट्या दिरासारखा.

"आता तू मला शिकव," हे म्हणाले. गिऱ्हाइकांना वर्षभर ओरडून हेच सांगतात, इंजिनावर पाणी मारू नका म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पूजा झाली. मालकाने कामगाराला आपल्या हाताने कपडे द्यायचे, तशी ह्यांनी कदिरला नवी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, आणि पंचा दिला. चाकांखाली लिंबं ठेवली. व्याही मागच्या सीटवर ऐसपैस बसले. ह्यांनी सेल्फ मारला. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"लिंबूसुद्धा चिरडवत नाही हो तुमच्या गाडीला," व्याही म्हणाले.

ह्यांचा चेहरा पडला आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "काल तूच हात घातला होतास ना रे? काय करून ठेवलंस?"

कदिरने बॉनेट वर केलं. "अण्णा, मारा एकदा." कान देऊन ऐकलं. "सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी ठीक आहे." मग वाकून हुंगलं. "पेट्रोलचा वास येतोय, तेही पोचतंय. प्लगला करंट नाही."

प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी क्लिपांवर असते, तिला पाना लागत नाही. कदिरने ती बोटांनी सोडवून तिरकी केली. आतून पाणी ओघळलं. गॅरेजातली फडकी पूजेसाठी धुतलेली, सगळी ओली. त्याने खांद्यावरचा कोरा पंचा ओढला, टोपी आतून-बाहेरून पुसली, वायरी पुसल्या. पंचा काळाकुट्ट झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी चालू झाली. लिंबं चिरडली.

"पण पाणी आत गेलं कसं?" व्याह्यांनी विचारलं.

"मीच धुतली. चुकलं," कदिर म्हणाला.

मला वाटलं, आता तरी हे तोंड उघडतील. उघडलंही. "तुमच्या व्हॅनना ह्याला हात लावू देणार नाही, व्याहीबुवा."

मग माझ्याच्याने राहवेना. "इंजिन ह्यांनी धुतलं," मी म्हणाले. "कदिर नको म्हणत होता."

ह्यांचे कान लाल झाले. व्याह्यांनी घसा खाकरला. "चला, मला बसस्टँडवर सोडा." व्हॅनचा विषय तिथेच संपला. आमच्या दोघांकडे न बघता ह्यांनी गाडी काढली.

कदिर नळाखाली पंचा घासत होता. मी जवळ गेले. वाटलं होतं, त्याला बरं वाटलं असेल.

"कशाला बोललात, अक्का?"

"अरे, तुझ्यासाठीच बोलले."

"माहीत आहे. अण्णा मला शिव्या घालतात आणि संध्याकाळी चहा पाजतात. ते मला चालत होतं."

आतापर्यंत मला ह्यांची लाज वाटत होती. आता माझीच वाटायला लागली.

"व्याह्यांसमोर मान खाली गेली त्यांची," कदिर म्हणाला. "उद्यापासून मला बघतील तेव्हा त्यांना तेच आठवणार. किती दिवस ठेवतील मला, तुम्हीच सांगा."