ओहोटीच्या तीन तासांसाठी

मित्रांनो, थायलंडच्या दक्षिणेला एका लहान नदीच्या मुखाशी उभा असलेला मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. माझ्या एका अंगाला समुद्राचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला शेतांचं गोडं पाणी. भरती आली की मी मिटायचं आणि ओहोटी लागली की साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं, एवढंच माझं काम. मला सांभाळणारे प्रयोंगकाका दर महिन्याला मला वर-खाली करणाऱ्या दांड्याला ग्रीस लावत. तेव्हा लोक माझं कौतुक करायचे.

मग एका वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नाही. भात पोटरीला आलं होतं. 'गोडं पाणी थेंबभरही सोडू नका,' असा पाटबंधारे कार्यालयातून हुकूम आला. सत्तर दिवस मी मिटून होतो. माझ्यामागचं पाणी काळं पडलं, कुजू लागलं. ग्रीस संपलं होतं आणि काकांच्या पत्रांना उत्तर येत नव्हतं.

एका सकाळी लामोम धावत आली. ती नदीत पिंजरे बांधून मासे पाळायची.

"काका, मासे वर येऊन तोंड वासतायत! दार उघडा!"

"हुकूम नाही गं, पोरी."

"मग तो हुकूम माशांनाच वाचून दाखवा!"

शेजारी भात पिकवणारा थावोन उभा होता. तो उसळला, "आणि माझ्या शेतात खारं शिरलं म्हणजे? तुझे मासे जगवायला माझं भात जाळू?"

काकांनी दोन्हीकडचं पाणी पाहिलं. "ओहोटी आहे. तीन तास मिळतील. हातभरच उघडतो आणि भरतीआधी मिटतो. बोल लागला तर मला लागेल."

काळं पाणी माझ्याखालून धावत सुटलं. किती हलकं वाटलं मला! पण भरतीची वेळ झाली आणि मी खाली उतरेचना. गंजलेला दांडा अडकला होता. मला हलवणारी मोटर जळाली. खारं पाणी आत शिरू लागलं.

लामोमने घरातलं तळणीचं तेल आणून दांड्यावर ओतलं. तिघे हाताने चाक फिरवू लागले.

"तुझं काम झालं ना? आता माझ्यासाठी ओढ!" थावोन ओरडला.

"ओढतेय ना! तोंडापेक्षा हात चालव!"

चाक उलटं फिरलं आणि काकांचं मनगट मोडलं. तरी त्यांनी खांदा लावला. मी तळाला टेकलो, पण दोन तास उशिरा.

थावोनची खालची शेतं करपली. काळ्या पाण्यात गुदमरलेले लामोमचे निम्मे मासे मेले. हुकूम मोडला म्हणून काकांना काढून टाकलं. काका निघाले तेव्हा थावोनने मान खाली घालून त्यांची पेटी उचलली.

नवा रक्षक अजून आलेला नाही. मित्रांनो, मी नुसता मिटलेला असलो म्हणजे नदी सुखरूप असते असं नाही. मला ग्रीस हवं, आणि रोज पाणी पाहणारा माणूस हवा. आत्ता ओहोटी लागली आहे. आतलं पाणी पुन्हा काळं झालंय. पलीकडून लामोम हाका मारतेय, आणि मला उघडता येत नाही. कुणीतरी लवकर या.