निळ्या दारापाशी

मी एक जुनी व्हिडिओ गेम आहे. मुठीत मावणारी, हातात धरून खेळायची. माझ्या जाहिरातीत तसं लिहिलं होतं म्हणे. मला लिहितावाचता येत नाही. चार बाण, दोन गोल बटणं आणि मध्ये एक छोटं, एवढ्यावर माझं शिक्षण आटोपलं. पण मित्रांनो, हातात धरण्यासाठी जन्मलेल्या माझी ऐन उमेदीची वर्षं लोखंडी चिमट्यात गेली. तेव्हा मी थोडी कुरकुर केली तर ती ऐकून घ्या.

कारखान्यात आम्ही हजारो बहिणी एका सरकत्या पट्ट्यावरून चाललो होतो. सगळ्या जांभळ्या, सगळ्या सारख्या. बाकीच्यांना खोके मिळाले, मऊ पिशव्या मिळाल्या. माझ्या पाठीवर मात्र कोणीतरी लाल कागदाची टिकली चिकटवली आणि मला बाजूला काढलं. मला वाटलं, रूप पाहून निवडली. निवडली होती ती नमुना म्हणून ठेवायला.

नमुना म्हणजे काय, ते खेळण्यांच्या दुकानात पोहोचल्यावर कळलं. काउंटरवरच्या चिमट्यात मला बसवून चारी बाजूंनी स्क्रू आवळले. सेलच्या कप्प्याचं झाकण काढून टाकलं, कारण मला सेल मिळणारच नव्हते; भिंतीतून एक वायर आणून माझ्या कुशीत खुपसली. पोटात एक कॅसेट घातली आणि ती कोणी पळवू नये म्हणून वरून पत्रा ठोकला.

त्या कॅसेटमध्ये एका कोंबडीचा खेळ होता. धान्याचं मोठं कोठार, त्यात शिड्या, पोती, गरगर फिरणारी चाकं आणि सांदीकोपऱ्यात हरवलेली पिल्लं. पिल्लं गोळा करत कोंबडीने वर चढायचं. सगळ्यात वर एक निळं दार. पण कॅसेटही माझ्यासारखीच, नमुन्याची. दोन मिनिटं झाली की कोंबडी असेल तिथे गोठायची, पडद्यावर काही अक्षरं यायची आणि खेळ पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. दिवसभर तेच. कोंबडी कोठारात, कोठार कॅसेटमध्ये, कॅसेट माझ्या पोटात आणि मी चिमट्यात.

माझ्या मागच्या भिंतीवर खुंट्यांना माझा गोतावळा टांगलेला असे. पडद्यावर बसवायचं भिंग, मान वाकडी करणारा चिमुकला दिवा, दोन गेमना जोडणारी वायर, मनगटात अडकवायची दोरी. त्यातलं भिंग फार तोऱ्यात असायचं. स्वतःला काही दिसत नसताना दुसऱ्याला मोठं करून दाखवायचं, एवढाच त्याचा पराक्रम. पण गिऱ्हाईक यायचं, भिंग जायचं, दिवा जायचा, दोरी जायची. सगळ्यांची लग्नं झाली, मीच तेवढी माहेरी बसले. लोक माझ्यावर खेळायचे, “काय सुंदर चित्र आहे,” म्हणायचे आणि खोक्यातली दुसरीच घेऊन निघायचे. पोरं चिकट बोटांनी माझी बटणं बडवायची. एकाने तर मला चाटून पाहिलं.

काउंटरमागे एक बाई कामाला होती. तिची लेक शाळा सुटली की दुकानात यायची आणि दुकान बंद होईपर्यंत आईसाठी थांबायची. घरी दुसरं कोणी नव्हतं, मग जाणार कुठे? मालकांनी तिचं नाव चिकटपट्टी ठेवलं, कारण ती आली की मला चिकटायची. माझ्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, आणि चिमट्यातून मला तिरकं करता येत नसे. वरच्या ट्यूबलाइटची चमक पडद्यावर पडली की काही दिसायचं नाही. मग ती माझ्यावर ओणवी होऊन डोक्याची सावली धरायची. एवढी अक्कल मोठमोठ्या माणसांना सुचली नव्हती.

एकदा तिने पडद्यावरच्या अक्षरांकडे बोट केलं. “आई, हे काय लिहिलंय?”

आई कोणाची तरी भेटवस्तू रंगीत कागदात बांधत होती. “पुढे काय आहे ते पाहायचं असेल तर विकत घ्या, असं लिहिलंय.”

“आणि न घेताच दारापाशी पोहोचलं तर?”

“तर बघशील की,” आई म्हणाली. तिचं सगळं लक्ष कागदाच्या घडीत होतं.

लेकीने मात्र तो शब्द धरून ठेवला. दोन मिनिटं संपायच्या आत निळ्या दारापर्यंत जायचं, म्हणजे दार उघडेल आणि पलीकडचं दिसेल. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

मला ठाऊक होतं, पलीकडे काही नाही. माझ्या पोटातली कॅसेट, मला नाही कळणार तर कोणाला? नमुन्याच्या कॅसेटमध्ये दारापुढचं कोठार घातलेलंच नव्हतं. तिला सांगावंसं फार वाटायचं. पण मला कोंबडीच्या कॉक-कॉकशिवाय दुसरा शब्द दिलेला नव्हता, आणि तो मी कितीही कळवळून उच्चारला तरी पोरगी हसायचीच.

ती खेळायला लागली की गिऱ्हाइकं थबकायची. कोणत्या चाकाखालून निसटायचं, कोणत्या पोत्यावरून उडी घ्यायची, सारं तिच्या बोटांत बसलं होतं. पिल्लं टाकून पळाली असती तर ती केव्हाच वर पोहोचली असती. पण एक पिल्लू मागे राहिलं तरी ती परत फिरायची आणि वेळ संपायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, किती सोपं आहे. मग ते गेम विकत घ्यायचे. मालक खूश होऊन मला फडक्याने पुसायचे. तिला कोणी काही म्हणायचं नाही.

मग एका संध्याकाळी ती सगळी पिल्लं घेऊन वर पोहोचली आणि वेळ अजून शिल्लक होता. मागे उभी असलेली माणसं पुढे वाकली. तिच्या बोटांना सुटलेला घाम मला जाणवत होता. कोंबडीने दाराला चोच लावली. दार उघडलं, पडदा पांढरा पडला, आणि कोंबडी पुन्हा पहिल्या पायरीवर उभी.

“एवढंच?” मागून एक काका म्हणाले आणि निघून गेले.

तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिने उजवा बाण दाबला. मग अंगठ्यात होता नव्हता तेवढा जोर काढून दाबला, आणि बाण आत खचला. कोंबडी वेड्यासारखी उजव्या भिंतीला टकरा देत सुटली.

मालक धावत आले. “बाई, ही तुमची चिकटपट्टी उद्यापासून इथे नको. दुकान म्हणजे पाळणाघर नव्हे.”

आईचा चेहरा उतरला. लेकीला न आणणं म्हणजे काम सोडणं, हे मालकांना कळत नसलं तरी मला कळत होतं. पण ती बाई मिंधी नव्हती. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

“मालक, हिला बघून लोकांनी किती गेमा नेल्या, आठवा जरा. मी नुसती खोकी पुढे सरकवत होते. विकत होती ती ही.”

“मग काय, पगार सुरू करू तिला?”

“पगार नको. बटण बिघडलेली गेम तुम्ही ठेवणार नाही, नवा नमुना आणाल. मग ही आम्हाला द्या. आणि कोंबडीच्या पुऱ्या खेळाची ती कॅसेट, खोका फाटलाय म्हणून कोणी घेत नाही, तीपण द्या.”

“आणखी काही? दुकानाची किल्ली देऊ का?”

“किल्ली माझ्याकडेच असते. सकाळी कुलूप मीच उघडते.”

मालक हसले नाहीत, पण स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. एक स्क्रू गंजून इतका रुसला होता की त्यांना काउंटरला पाय लावून जोर करावा लागला. “उद्या येऊ दे तिला,” ते माझ्याकडे बघत पुटपुटले. “नवा नमुना येतोय. त्यावर खेळून दाखवायला कोणीतरी लागेलच.”

घरी मला खिडकीपाशी नेलं. आईच्या रेडिओचे सेल माझ्या पोटात आले, आणि झाकण नसल्याने ते पडू नयेत म्हणून वरून रबरबँड. पोरीने मला हातात घेतलं आणि उजेडाकडे तिरकं केलं. मित्रांनो, मला तिरकं करता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. बाण कोपऱ्यावर दाबला की अजून चालतो, हे तिने शोधून काढलं. नवी कॅसेट पोटात गेली आणि कोंबडी निघाली. दोन मिनिटं होत आली तशी मी धास्तावले, सवयच ती. पण कोणी थांबवलं नाही. सगळी पिल्लं घेऊन ती निळ्या दारापाशी पोहोचली. दार उघडलं.

पलीकडे दुसरं कोठार होतं. आणखी उंच, आणखी चाकं, आणि टोकाला आणखी एक निळं दार.

आई खांद्यावरून वाकून बघत होती. “अगं बाई, पुन्हा तेच?”

“तेच कसं? हे मोठंय,” लेक म्हणाली. तिला मुळीच वाईट वाटलं नव्हतं.

“बरं, मोठंय. आता जेवायला चल.”

पोरीने माझं मधलं छोटं बटण दाबलं. चिमट्यात असताना त्या बटणाचा काही उपयोग होत नसे. कोंबडी शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय टाकून थांबली, पिल्लं तिच्यामागे थांबली. मला वाटलं, झालं, संपला खेळ. पण ती जेवून आली, हात धुऊन, पुसून आली, आणि कोंबडीने दुसरा पाय उचलला. तोवर मला नेहमी गोठवलं होतं. परत येण्यासाठी मला थांबवलं ते तिनेच पहिल्यांदा.

आता ती स्वतः कामाला जाते. मला कपाटात ठेवते तेव्हा आधी सेल काढते, कारण आत राहिलेले सेल पाझरतात आणि आतून पोखरतात. कपाटाचं दार बंद झालं की मला अजूनही चिमटा आठवतो, खोटं कशाला सांगू. पण दार उघडतं.

तेव्हा मित्रांनो, एखादी वस्तू बाजूला ठेवताना तिचे सेल काढा, बटणांवर राग काढू नका, आणि ती ठेवा अशी, की तुम्ही परत येणार आहात हे तिला कळलं पाहिजे. आणि मग या.