पाच म्हणजे कितवी?

नवा सर्व्हर खोक्यातून बाहेर काढत असताना कुणी माझ्याशी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं. ते दोन क्षण फक्त माझे असतात. थर्माकोल करकरतो, प्लास्टिक सरकतं आणि आतून ते काळंभोर लांबलचक धूड बाहेर येतं. समोर ओळीने बारा खण, प्रत्येकाला एक खिट्टी. खिट्टी दाबली की खण खट्कन पुढे येतो, त्यात डिस्क बसवायची आणि परत आत ढकलायचा. मी आधी सगळे बाराच्या बारा खण उघडून मिटून बघते. तशी गरज काही नसते, पण मजा येते.

"झालं का वन्सं खेळून?" वहिनीने विचारलं.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आम्ही दोघी मिळून हा धंदा करतो. लोकांच्या ऑफिसात सर्व्हर बसवायचे, ते नीट चालतात की नाही बघायचं, डिस्का बदलायच्या. नणंद-भावजयीचं एका छपराखाली पटतं हेच लोकांना नवल, आणि आम्ही तर एका स्क्रूड्रायव्हरवर संसार करतो. मी हातांचं काम करते, ती कीबोर्डचं. मी तडतडी, ती थंड. ती एका वाक्याला जेवढा वेळ लावते, तेवढ्यात मी चार स्क्रू बसवून एकाशी भांडूनही येते.

त्या दिवशीचं काम होतं अंधांसाठीच्या ध्वनिग्रंथालयात. तिथे पुस्तकं वाचायला नाही, ऐकायला मिळतात. हौशी माणसं येऊन काचेच्या खोलीत पुस्तक मोठ्याने वाचतात, ते रेकॉर्ड होतं. मग सभासद फोन करतो, अमुक पुस्तक हवंय म्हणतो आणि ते त्याच्या मोबाइलवर जातं. हे सगळं चालवणारे ग्रंथपाल स्वतः जन्मापासून अंध. साठीच्या आसपासचे, शर्टाची घडी मोडू न देणारे. सगळे त्यांना सर म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो.

सरांनी नव्या सर्व्हरवर दोन्ही हात फिरवले. खण मोजले, मागचे पंखे चाचपले, वायरींच्या जागा बोटांनी बघितल्या.

"भारी आहे हो!" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला ते धूड मीच घडवल्यासारखं वाटायला लागलं.

"आणि जुन्या मशीनमधल्या पुस्तकांची दुसरी प्रत कुठंय, सर?" वहिनीने विचारलं.

"नाही. करायची होती."

मला असा संताप आला म्हणून सांगू! सव्वीस वर्षांची रेकॉर्डिंगं, नऊ हजारांवर पुस्तकं, आणि सगळी एका म्हाताऱ्या आठ डिस्कांच्या डब्यात. त्यातली एक डिस्क आधीच गचकलेली. या डब्याची तऱ्हा अशी की आठातली एक गेली तरी उरलेल्या सात मिळून तिचं काम निभावतात. पण दुसरी गेली की कारभार आटोपला. आणि हे गृहस्थ म्हणतात, करायची होती!

"पूर्वी चार खोल्या भरून टेपा होत्या," सर सांगत होते. "सगळ्या या मशीनमध्ये भरून झाल्या, तेव्हा मीच म्हटलं, आता कशाला जागा अडवायची. टेम्पो बोलावून भंगारात पाठवून दिल्या. तेव्हापासून या डब्याचा आवाज जरा बदलला की मला झोप लागत नाही."

माझा राग जागच्या जागी विरला. म्हटलं, बाई, जीभ आवर आणि कामाला लाग.

मग जे काम केलंय आम्ही! रॅक म्हणजे लोखंडी कपाट, दारं नाहीत आणि फळ्याही नाहीत, नुसते चार खांब आणि त्यांना भोकंच भोकं. दोन बाजूंना रुळासारख्या पट्ट्या बसवायच्या. एक भोक जरी चुकलं तरी मशीन तिरकं बसतं आणि मग शिव्या खायच्या. माझ्या पट्ट्या पहिल्या झटक्यात सरळ बसल्या. वजन कमी राहावं म्हणून डिस्का न घालताच धूड उचललं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी. "एक, दोन, तीन, चल!" रुळांवर चढवलं आणि ढकललं. ते सरसर आत गेलं आणि शेवटी दोन्हीकडून एकदमच खट् झालं. हा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला काय सांगायचं! सरांनी मात्र ऐकला. "बसलं!" म्हणून त्यांनी टाळीच वाजवली.

बारा नव्या डिस्का घातल्या. बटण दाबलं. पंखे आधी असे किंचाळले की शेजारच्या खोलीतला टायपिस्ट धावत आला, मग हळूहळू शांत झाले. समोर बारा हिरवे दिवे. मी वहिनीला मिठीच मारली. ती म्हणाली, "सोड, घाम आलाय तुला."

अकरा वाजता वहिनीने जुन्या डब्यातून नव्यात कॉपी सुरू केली. ती पलीकडच्या ऑफिसात सरांच्या टेबलावर बसलेली, मी मशीनच्या खोलीत, मध्ये भिंत आणि कानाला फोन. सुरू करण्याआधी तिने जुन्या डब्याला कुलूप घातलं, म्हणजे त्यातून फक्त वाचायचं, त्यात एक अक्षरही लिहायचं नाही. त्यात तिने वीस मिनिटं घालवली. तोवर माझं दोनदा "आटप ना गं!" करून झालं होतं.

पहिली तीनशे पुस्तकं भराभर आली. सर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि मी दर मिनिटाला आकडा ओरडून सांगत होते. तीनशे वीस! तीनशे पन्नास! क्रिकेटची कॉमेंट्री चालावी तसं चाललं होतं. आणि अचानक आकडा अडला. दोन मिनिटं हलला, पुन्हा अडला.

"ती मेलेली डिस्क धड मेलेली नाहीये," फोनवर वहिनी म्हणाली. "मधूनच उठून बसते आणि सगळ्यांची वाट अडवते. काढून टाक तिला."

"कितवी?"

"पाच."

"पाचवी ना? नक्की?"

"अगं हो, पाच. इथे लिहिलंय."

जुन्या डब्यावरचे बिघाडाचे दिवे कधीच मेलेले. खणांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या. अशा वेळी नियम असा की डिस्कचा कारखान्याचा नंबर आधी विचारून घ्यायचा, खण जेमतेम उचकटून टॉर्चने वाचायचा, जुळला तरच ओढायचा. हे मी बारा वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय. पण त्या दिवशी मी अशी काही रंगात आले होते की, जाऊ दे, सांगायलाही लाज वाटते. डावीकडून बोट ठेवत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. खिट्टी दाबली. ओढलं.

हातात आलेली डिस्क गरम होती आणि अजून गरगरत होती.

मेलेली डिस्क अशी गरगरत नाही. डब्यातून एकामागून एक टकटक असे आवाज आले आणि मग नुसत्या पंख्यांचा आवाज उरला.

"काय केलंस?" वहिनीचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "सगळं गेलं. इथे काहीच दिसत नाही."

"पाचवी काढली! तूच म्हणालीस पाचवी!"

"मी पाच म्हटलं."

आणि दोघींच्याही डोक्यात एकदमच लख्ख प्रकाश पडला. संगणक शून्यापासून मोजतो. त्याची पहिली डिस्क शून्य, दुसरी एक. त्याची पाच म्हणजे माझी सहावी. वहिनी आयुष्यभर प्रोग्राम लिहीत आलेली, ती त्याच्यासारखंच मोजते. मी स्क्रू मोजते, मी माणसासारखं मोजते. मी "पाचवी" म्हटलं, ती "पाच" म्हणाली, आणि आमचं एकमत झालं असं आम्हाला वाटलं. एवढ्याशा "वी"ने सव्वीस वर्षं गिळली होती.

सर खुर्चीतून उठले नव्हते. मान जरा वाकडी करून ते ऐकत होते.

"ताई, डबा गप्प झाला का?"

मी खरं सांगते, "वायर सुटली, सर" हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते थोडेच बघणार होते? हातातली डिस्क परत आत सारायची, पलीकडे जाऊन वहिनीच्या कानात सांगायचं, जमलं तर जमलं. नाही जमलं तर जुनंच मशीन होतं म्हणायचं, म्हातारं होतं, गेलं. कुणी मला जबाबदार धरलं नसतं.

"सर, मी चुकीची डिस्क ओढली," मी म्हणाले. "मेलेली ठेवली आणि चांगली काढली. आता दोन नाहीत. आत्ता या क्षणी तुमचं एकही पुस्तक वाचता येत नाहीये. चूक माझी आहे."

त्यांचा हात हवेतच पुढे आला आणि रॅकच्या खांबाला धरून राहिला. मला वाटलं, यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी धावत आत आली. तिला धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. आधी आम्ही नंबर जुळवून सहाव्या खणातली खरी मेलेली डिस्क काढून बाजूला ठेवली. काढलेली चांगली डिस्क तिच्या स्वतःच्या पाचव्या खणात परत बसवली. ती फिरायला लागली, पण डबा तिला ओळखच देईना. मध्येच उठून गेलेली, हिचा भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं.

मग वहिनी सरांसमोर उभी राहिली आणि तिच्या त्या संथ पद्धतीने सगळं सांगितलं. "दोन मार्ग आहेत, सर. एक म्हणजे सगळ्या डिस्का बाहेर तज्ज्ञांकडे पाठवायच्या. दीड-दोन महिने लागतील, आणि या वयाच्या डिस्का प्रवासात टिकतील याची खात्री नाही. दुसरा म्हणजे डब्याला जबरदस्ती करायची, की ही डिस्क तुझीच आहे, घे आत. आपण कुलूप घातलं होतं, त्यामुळे डिस्क बाहेर असताना आत काही बदललेलं नसणार. बहुतेक उघडेल. पण आतल्या आत काही बिघडलं असेल तर या जबरदस्तीने आणखी बिघडेल. मग तज्ज्ञही काही करू शकणार नाहीत."

"बहुतेक म्हणजे किती?" सरांनी विचारलं.

"दहातले आठ," वहिनी म्हणाली. "मी खोटा धीर देणार नाही."

सर म्हणाले, "मला टेबलापाशी न्या."

मी त्यांचा हात धरून नेलं. वहिनीने आज्ञा टाइप केली, दोनदा वाचली, एकदा मोठ्याने वाचून दाखवली. एंटर तेवढं बाकी.

"मी दाबते, सर," मी म्हणाले. "चूक माझी, मीच दाबणार."

"नाही," सर म्हणाले. "टेपा मी पाठवल्या. दुसरी प्रत मी केली नाही. उद्या सभासद विचारतील तेव्हा तुमची चूक पुढे करून मला लपायचं नाहीये. बोट ठेवा माझं."

मी त्यांचं बोट एंटरवर ठेवलं. त्यांनी लगेच दाबलं, क्षणभरही थांबले नाहीत.

स्क्रीनवर एक ओळ आली. मग दुसरी. वहिनी श्वास रोखून वाचत होती आणि मी तिच्या खांद्यात नखं रुतवत होते. पलीकडच्या खोलीत डब्याने एकदा टक् केलं, मग पुन्हा, आणि मग सातही डिस्कांची ती घरघर सुरू झाली. सर आमच्या आधी ओरडले, "आला! आला आवाज!"

"थांबा, थांबा," वहिनी म्हणाली, "नुसत्या आवाजावर जाऊ नका," पण तिच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यादी उघडली. नऊ हजार चारशे बारा. "कुठलं लावू?"

"कुठलंही. मधलं. जाड असेल ते."

तिने एक लावलं. स्पीकरमधून एक बाई वाचायला लागल्या, खणखणीत आवाज, वाक्याच्या अधेमधे. कुणीतरी कुणाच्या तरी दारात छत्री विसरून गेलं होतं एवढंच आम्हाला कळलं. आम्ही तिघं छत्री मिळेपर्यंत ऐकत बसलो. मी रडत होते आणि हसतही होते, आणि दारात उभ्या टायपिस्टला वाटलं असणार की या बायकांना वेड लागलंय.

कॉपी पुन्हा सुरू केली तेव्हा आकडा असा पळत सुटला की काय सांगू! या वेळी मी ओरडून सांगत नव्हते, सरच दर दोन मिनिटांनी विचारत होते. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा चार हजारांच्या वर पुस्तकं नव्या सर्व्हरवर पोचली होती.

सर दारापर्यंत सोडायला आले.

"ताई," ते म्हणाले, "मघाशी तुम्ही वायर सुटली किंवा असंच काही म्हणाला असतात, तरी मी बरं म्हटलं असतं."

"ओठांवर आलं होतं, सर," मी म्हणाले. आता एवढं बोलल्यावर हे तरी कशाला लपवायचं.

"माहीत आहे. तुम्ही श्वास घेतलात आणि थांबलात." त्यांनी चौकट चाचपली आणि दार अर्धं ओढून घेतलं. "उद्या किती वाजता येताय?"

मला वाटलं होतं, उद्या ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. मी कशीबशी म्हणाले, "नऊला."

"आठला या. नऊला फोन सुरू होतात, मग मला तुमच्याबरोबर बसता येत नाही."