मुंगीच्या डोळ्याएवढं भोक

पटणार नाही तुम्हाला. माझ्या सख्ख्या बायकोला अजून पटलेलं नाही, तिथं तुमची काय कथा! पण मुंगीला डोकवायचं तर एक डोळा मिटावा लागेल, एवढंसं भोक एका माणसानं आमच्या गाडीच्या पोटातून हुडकून काढलं. म्हणून तर ही माझी थोरली बहीण, अक्का, आज तुमच्यासमोर बसून मटार सोलतेय.

त्या उन्हाळ्यात अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेही परक्या शहरात. बरेच दिवस तिथं काढल्यावर एकदाची सुट्टी मिळाली, दुसऱ्या दिवशी तिला घरी न्यायचं होतं. रस्ता उघडाबोडका, औषधाला झाड नाही, सकाळी निघालं तर पोचायला संध्याकाळ. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं, "यांना ऊन सोसणार नाही. गाडी गार असेल तरच न्या."

आणि आमच्या गाडीचा एसी म्हणजे आमचे जावई. आल्या आल्या गार, नंतर जे तापायचे ते तापायचेच. ज्याच्याकडे जावं तो गॅस भरून द्यायचा, चार दिवस थंडी, पाचव्या दिवशी पुन्हा भट्टी.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा एक जण होता. स्वभावानं इतका संथ, की गल्ली त्याला थंडोबाच म्हणे. मी म्हटलं, "बाबा रे, गॅस भर पटकन."

तो म्हणाला, "भरतो. पण आधीचा गॅस गेला कुठं?"

"मला काय माहीत? मला सांगून गेला नाही."

"मग आधी त्याची वाट शोधू."

त्यानं पाइपात एक रंग सोडला. हा रंग गॅसबरोबर फिरतो, जिथं गळतं तिथून बाहेर येतो आणि जांभळ्या दिव्याखाली पोपटी चमकतो. मीही मदतीला सरसावलो. ही बाटली धर, तो पाइप पूस, बॉनेटला टेक. थंडोबानं शटर ओढून अंधार केला, दिवा लावला, आणि काय सांगू! बॉनेट चमकतंय, दार चमकतंय, स्टिअरिंग चमकतंय, माझी मिशी तर अशी पेटलेली, की दुकानातलं मांजर मला बघून जे पळालं ते अजून परतलं नाही म्हणतात.

थंडोबानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "काका, गळतंय कोण? गाडी की तुम्ही?"

सगळे डाग पुसण्यात दुपार कलली. पुन्हा दिवा लावला. आता कुठंच काही चमकेना. कॉम्प्रेसर कोरडा, पाइप कोरडे. अक्काला आणखी आठवडाभर हॉस्पिटलात ठेवायचं तर तिनं हाय खाल्ली असती. आपल्याच उशीवर डोकं टेकायचं म्हणून ती आदल्या दिवसापासून पिशवी भरून बसली होती.

मी मटकन खाली बसलो, तर गाडीखाली पाणी ठिबकत होतं. एसीतून ठिबकतं ते, रोजचंच. मी म्हटलं, "हे बघ, हीसुद्धा रडतेय."

थंडोबा मात्र पोटावर झोपून गाडीखाली शिरला. आयुष्यात पहिल्यांदा घाईत दिसला म्हणे. दिवा त्या पाण्यावर धरला. पाणी पोपटी!

"सापडलं!" तो आतूनच ओरडला. "आत गळतंय. डॅशबोर्डच्या मागं, कूलिंग कॉइलपाशी. म्हणून बाहेर काही दिसत नव्हतं."

मग उरलासुरला गॅस मशीनमध्ये काढून घेऊन त्यानं डॅशबोर्ड उतरवला. आपल्या घरच्या माणसाचा सदरा काढावा इतक्या हळू. कॉइलच्या जोडावर एक रबरी रिंग होती, तिला केसाएवढी चीर. बस्स, एवढीच. त्यानं नवी रिंग तेल लावून बसवली, पाइपांतली हवा ओढून घेतली आणि दाब दाखवणाऱ्या मीटरच्या काट्यासमोर मांडी घालून बसला. काटा हलला तर अजून कुठंतरी गळतंय. मी देवाला हात जोडले, नंतर काट्याला जोडले. काटा जागचा हलला नाही. मग कुठं त्यानं गॅस भरला, तोही मोजून. त्या माणसाला आजही माझ्या डोक्यावरची सावली म्हणतो मी.

आणि सकाळी निघालो. स्टिअरिंगवर मी, मागच्या सीटवर अक्का. बाहेर आग ओततेय, आत अशी थंडी, अशी थंडी, की काचेवर आतून बर्फाची नक्षी! शेजारून जाणारे ट्रकवाले काचेला हात लावून गार करून घेत होते. माझी बोटं स्टिअरिंगला गोठून चिकटली, पण मी डगमगलो नाही. अक्कासाठी तशीच दिवसभर गाडी हाकली...

"खोटारड्या!" अक्कानं मटाराची शेंग माझ्याकडे भिरकावली. "कुठली तुझी बोटं? निघाल्यापासून पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून घोरत होतास! गाडी थंडोबा चालवत होता. 'नवा जोड आहे, वाटेत काही झालं तर मी जवळ असलेला बरा' म्हणाला, दुकान बंद ठेवून पार घरापर्यंत आला बिचारा!"