शंभर पाण्यांचं तूप

"एकाहत्तर," म्हणत सिदूनं परात कलती केली आणि गढूळ पांढरं पाणी दाराबाहेर सांडलं. तांब्याच्या परातीत तुपाचा गोळा तेवढा राहिला. त्यानं घागरीतलं नवं पाणी ओतलं आणि तळहातानं पुन्हा फेसायला घेतलं.

"मगाधरनं एकाहत्तरावरच हायत तुमी," दगडाबाई आतून म्हणाली.

"बरं, बहात्तर. तुपाला काय मोजता येतंय व्हय?"

"वैद्य शंभर म्हनला ना? मग शंभर."

सिदूचं मनगट अवघडलं होतं. चौसाळ्याच्या शिवारात दीडशे मेंढरांमागं दिवसभर हिंडणाऱ्या धनगराला बसून करायचं काम सोसत नाही. तरी गेले वीस दिवस तो हे करत होता. एक परात दोन दिवस पुरायची, की पुन्हा नवी.

शिमग्याच्या सुमाराला दगडाबाईला देवी आल्या. पहिली पुळी दिसली त्याच दिवशी सिदूनं सव्वादोन वर्षांच्या बायनाला खांद्यावर घातलं आणि घाटनांदूरला बहिणीकडं पोचवलं. देवी महिन्याभरात उतरल्या. पण गळ्यावरचे आणि तोंडावरचे फोड चिघळले, ताप जायचा आणि यायचा. पोळ्याच्या बैलांचे घुंगरू तिनं घोंगडीवर पडूनच ऐकले. दिवाळीच्या आगेमागे ती कूड धरून उभी राहिली. घसा आतून सोलवटला होता, आवाज जो बसला तो बसलाच. तोंडावरून हात फिरवला तेव्हा बोटांना आपलं काहीच लागेना.

सिदू बीडला चालत गेला. वैद्य म्हणाले, शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप लावा. कातडी मऊ पडेल, डाग उजळतील. खड्डे मात्र भरायचे नाहीत, ते जन्माचे. सिदूनं घरी येऊन तुपाचं तेवढं सांगितलं.

रोज सकाळी ती मसुरीचं पीठ आणि हळद दुधात कालवून चोळायची, कोमट पाण्यानं धुवायची आणि वर तूप. पाठीला सिदू लावायचा. खपल्या गेल्या. काळे डाग तांबूस झाले. गालाची कातडी तान्ह्या पोराच्या टाळूसारखी मऊ झाली आणि तिच्यावर चकाकी आली. एका दुपारी परातीतल्या स्थिर पाण्यात तिनं वाकून पाहिलं. त्या चकाकीनं एक-एक खड्डा उठून दिसत होता. तिनं पाण्यात हात घातला आणि ढवळून टाकलं.

"अजून भरतील," ती म्हणाली.

सिदूनं मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे तिनं विचारलं नाही.

ज्या दिवशी एकाहत्तराव्या पाण्यावरून बोलणं झालं, त्याच दिवशी संध्याकाळी छबुबाईची गाडी आली. सिदूची धाकटी बहीण छबुबाई, लग्नाला आठ वर्षं झालेली आणि मूलबाळ नसलेली. तिच्या कडेवर बायना होती. डोळ्यांत काजळ, अंगात छिटाचं नवं झबलं.

"घे वैनी तुझी लेक. लई बोलती आता, कान किटवती."

दगडाबाईनं दोन्ही हात पुढं केले. बायनानं तिच्याकडं नीट, बराच वेळ पाहिलं. ती रडली नाही. तिनं छबुबाईच्या मानेत तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आत्या, घरी चल."

पुढचे दोन दिवस तसेच गेले. दगडाबाईनं गुळाचा खडा दिला तर पोर तोंड दुसरीकडं करून हात तेवढा लांबवायची. जवळ बसली तर उठून छबुबाईच्या पदराआड जायची. छबुबाई दटावायची, "आगं, माय हाय ती तुजी!" पोर पदर तोंडावर ओढून घ्यायची. मग छबुबाईचा हात आपसूक तिच्या डोक्यावर जायचा, आणि दगडाबाई तो हात बघायची.

दुसऱ्या दिवशी जेवताना छबुबाईनं विषय काढला. "दादा, चार दिसांनी तुमी मेंढरं घिऊन गंगथडीला निगनार. ही रानोमाळ रडत हिंडनार का? मी उद्या गाडी जोडते. ऱ्हाऊ दे माझ्याकडं. फुडल्या दिवाळीला बगू."

सिदू भाकरी कुस्करत राहिला.

"फुडल्या दिवाळीला मला वळखल का ती?" दगडाबाई म्हणाली.

"वळखल की. कावून न्हाई वळखनार?" छबुबाईनं म्हटलं खरं, पण ताटात बघून म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात, एका मेंढीचं पिलू मेलेलं सापडलं. दुसरं एक पिलू आठवड्यापासून बिनआईचं होतं, त्याला ती मेंढी जवळ येऊ देईना, ढुशी मारून लोटायची. सिदूनं घरी आजा-पणजा करत आले तेच केलं. मेलेल्या पिलाचं कातडं अलगद सोललं, पोरक्याच्या पाठीवर अंगरख्यासारखं घातलं, पोटाखाली सुतळी बांधली आणि त्याला मेंढीपुढं सोडलं. मेंढीनं ढुशीसाठी मान खाली केली. मग शेपटाशी हुंगलं. पुन्हा हुंगलं, आणि पाय फाकवून उभी राहिली. पिलू लुचायला लागलं.

दगडाबाई कुंपणाशी उभी होती. "किती दिस ठिवायचं?" तिनं विचारलं. धनगराच्या घरात जन्मलेल्या बाईला हे विचारायची गरज नव्हती.

"तीन. तवर तिच्या दुदाचा वास पिलाला लागतोय. मग कातडं काढलं तरी चालतं."

ती झोपडीत गेली. बायना घोंगडीवर झोपली होती. छबुबाई गाठोडं बांधत होती.

"वन्सं, लुगडं द्या."

"कंचं?"

"अंगावरचं."

छबुबाईनं दारातून वाडग्याकडं पाहिलं. तीही मेंढरांत वाढली होती. तिला समजलं, आणि समजल्यावर तिचे हात गाठोड्यावरच थांबले. ती म्हणाली, "एक धुतलेलं हाय की, त्ये नेस."

"धुतलेलं नगं."

"आन् मी काय घोंगडी गुंडाळून बसू? मानसं काय म्हनतील?"

"बसा. लहानपनी बसलाच की."

छबुबाईला हसू फुटलं आणि लगेच विरलं. आडोशाला जाऊन तिनं लुगडं फेडून दिलं. त्याला चुलीच्या धुराचा, खोबरेलाचा आणि घामाचा वास होता. घोंगडी लपेटून ती गाडीपलीकडं जाऊन बसली. झोपडीकडं तिनं पाठ केली.

सिदू परात घेऊन दारात आला. "नव्वान्नव झाले. एकच पानी ऱ्हायलं."

"आज लावनार न्हाई," दगडाबाई म्हणाली. "त्याचा वास येतो."

तिनं राखेनं चेहरा, मान, हात खसखसून धुतले. वीस दिवसांत मऊ पडलेली कातडी लालबुंद झाली, दोन जागी चिरली. ती लुगडं नेसली, छबुबाई घ्यायची तसाच पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पोरीशेजारी भिंतीला टेकून बसली. दार सिदूनं बाहेरून लोटलं.

बायना चुळबुळली. डोळे मिटलेलेच होते. हात चाचपत आला, लुगड्याच्या काठाला लागला, मुठीत आवळला गेला. मग ती सगळीच सरकत आली, मांडीवर चढली आणि पदरात नाक खुपसून पोटाला घट्ट चिकटली. आठ महिन्यांनी. दगडाबाईनं श्वास रोखून धरला. तिचा हात पोरीच्या पाठीवर, टेकेल न टेकेल असा, राहिला.

"आत्या," बायना झोपेतच पुटपुटली.

दगडाबाईच्या बसक्या घशातून नुसतं "हं" निघालं.

"ती बाई गेली?"

बाहेर वाडग्यात पिलं ओरडत होती. दगडाबाईनं पदर आणखी खाली ओढला, पार हनुवटीपर्यंत.

"गेली," ती म्हणाली.