खाली बघितलं की दोन

उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाजारातून येताना जीपच्या मागच्या पायरीवरून मी डोक्यावर पडले. जखम भरली, पण भलताच खेळ सुरू झाला. समोर बघितलं तर माझा नवरा हरेश एकच दिसतो, आणि तो एकच मला पुरून उरतो. खाली बघितलं की सगळं दोन. दोन बांध, दोन दगड, चिखलात रोपाच्या दोन मुठी.

आमच्या पोशेऱ्यात भाताची आवणी, म्हणजे लावणी, पाळीपाळीने होते. आज सगळ्या बाया तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मी रोप खोचायला जायची आणि हात भलतीकडेच पडायचा. बांधावरून उतरताना तर चिखलातच बसले. शेजारची पुष्पा सगळ्यांसमोर म्हणाली, "चंद्रकला, सकाळीच घेतलीस काय गं?" बाया फिदीफिदी हसल्या. दुसऱ्या दिवशी मला कोणी बोलावलंच नाही, म्हणजे माझ्या खाचरातही कोणी येणार नव्हतं. राबात, म्हणजे रोपवाटिकेत, वाढवलेली रोपं जून होत चालली होती. त्यात हरेश भर अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर माझ्या तोंडाचा वास घ्यायचा. अंगाची नुसती आग आग व्हायची.

दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी बॅटरी मारली. "समोर बघा. डोळे सरळ आहेत." पुन्हा गेले, पुन्हा तेच. हरेश म्हणाला, "डॉक्टर काय खोटा बोलतो?"

मग त्यालाच बरोबर घेऊन गेले. डॉक्टर पुन्हा म्हणाले, समोर भिंतीकडे बघा. माझं डोकंच फिरलं.

"सायेब, मी आवणी भिंतीवर नाय करीत!"

मी स्टुलावरून उठले, पदर खोचला आणि शेतात वाकतात तशी वाकले. "आता बघा."

डॉक्टर आधी चिडले. मग गुडघे टेकून खालून माझ्या डोळ्यांत बघू लागले, बोट खाली खाली नेत. "उजवा डोळा पुरता खाली येत नाही," ते हळूच म्हणाले. "पडल्यामुळे नस दुखावलीय. समोर बघताना कळतच नाही."

त्यांनी त्या डोळ्यावर पट्टी चिकटवली, मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. मी म्हटलं, "ह्याला पण सांगा, मी पीत नाय." त्यांनी सांगितलं.

बाहेरच्या पायऱ्या आता एकेकच दिसत होत्या, मी न चाचपडता उतरले. मागून हरेश कुजबुजला, "ती पट्टी काढ गं. लोकं बघतील."

"तू अंगणात माझ्या तोंडाचा वास घेत होतास," मी म्हटलं, "तवा लोकं बघत नव्हती?"