लाल रेघेच्या पुढे

मित्रांनो, गप्प बसणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी गिटारचा एक जुना अँप्लिफायर आहे. वीज मिळाली की माझ्या पोटातून 'हंऽऽ' असा सूर सुरू होतो. कुणी वाजवो न वाजवो, तो चालूच. लोकांना वाटतं, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं, आमची जातच अस्वस्थ. विजेच्या गिटारच्या तारेतून निघालेला आवाज मुंगीच्या पावलाएवढा असतो. तो वायरीतून माझ्याकडे येतो आणि मी त्याचा हत्ती करून सोडतो. हत्ती सोडण्याची सवय लागलेल्याला मुंगीजवळ बसवत नाही.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात झाला. दुकान इतकं अरुंद, की तिसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्याला बाहेर जावं लागे. तिथल्या मेकॅनिकने लग्न केलं नव्हतं. त्याच्या बहिणीची दोन मुलं मात्र सारखी त्याच्याकडे पडलेली असत. भाचा एकोणीस वर्षांचा, भाची सतरा. भाच्याला गिटारचं वेड आणि भाचीला ड्रमचं. दोघं जे संगीत वाजवत त्याला हेवी मेटल म्हणतात. ते जोरात वाजवायचं असतं, आणि जोरात वाजवायला अँप्लिफायर लागतो. मामाने मोडीत निघालेल्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह काढले, एका जुन्या सिनेमागृहाचे दोन स्पीकर मिळवले, प्लायवूडची पेटी ठोकली, तिला काळं रेक्झिन चढवलं आणि खाली मोडक्या ट्रॉलीची चार चाकं लावली. त्यातलं एक चाक आजही माझं ऐकत नाही.

मामाने मला घडवलं म्हणजे तो माझा बाप. त्याच्या बहिणीची मुलं म्हणजे माझी आत्येभावंडं. म्हणून त्या दोघांना मी दादा आणि ताईच म्हणतो. त्यांना ते माहीत नाही.

माझ्या आवाजाच्या बटणाभोवती शून्य ते दहा आकडे आहेत. सहाच्या आकड्यावर मामाने बारीक ब्रशने लाल रेघ काढली आणि दोघांना बजावलं, "याच्या पुढे न्यायचं नाही. पेटीला सोसेल, पण माणसाला सोसणार नाही."

"हो मामा," दादा म्हणाला. पहिल्याच कार्यक्रमात त्याने बटण आठवर नेलं.

ते दिवस काय सांगू! बँडमध्ये चौघं होती. दादा गिटारवर, ताई ड्रमवर, बेस गिटारवर एक अबोल माणूस, ज्याला सगळे 'मुका' म्हणत, आणि गाणारा 'भोंगा'. भोंग्याला माईक लागतच नाही असं लोक म्हणायचे. आम्ही कॉलेजांच्या सभागृहांत वाजवलं, गोदामांत वाजवलं, एकदा तर पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात वाजवलं. पोरं केस मोकळे सोडून माना हलवत. कार्यक्रम संपला की कुणीतरी येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "काय आवाज आहे राव! छातीत धडधडलं." मी फुगून जायचो. व्हॉल्व्ह लाल होत, पेटी तापे, आणि मला वाटे, अजून. अजून थोडं.

स्टेज नेहमीच लहान असायचं. त्यामुळे मला ताईच्या डाव्या बाजूला, जेमतेम हातभर अंतरावर ठेवत. ती अधूनमधून म्हणायची, "दादा, डाव्या कानात शिट्टी वाजतेय. जरा कमी कर ना."

"अगं, हेवी मेटल आहे हे. अंगाई नाही," दादा हसून म्हणायचा.

आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटायचं.

चौदा वर्षं अशी गेली. मग एका कारखान्याच्या उपाहारगृहात आमचा कार्यक्रम होता. टेबलं भिंतीला सारून जागा केली होती. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर ड्रम थांबला. ताईने दोन्ही काठ्या ड्रमवर ठेवल्या, डावा कान तळहाताने दाबला आणि ती मागच्या दाराने निघून गेली. दादाने मागे वळून पाहिलं नाही. त्याला वाटलं, तिची काठी मोडली असेल, आणेल दुसरी. त्याने गाणं शेवटपर्यंत वाजवलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मी आठवर होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान गेला, आता परत येणार नाही. उजवा जपा. तो गेला तर काही उरणार नाही.

दादा हबकला. पण हबकलेली माणसं कधीकधी भलतंच बोलून जातात. तो म्हणाला, "तू मला सांगायचंस तरी!"

"सांगत होते," ताई म्हणाली. "चौदा वर्षं."

हे बोलणं मामाच्या दुकानात, माझ्यासमोर झालं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. बँड मोडला. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, मुका औषधांच्या दुकानात गेला, भोंगा गाडी शिकवायला लागला. नवशिक्यांवर ओरडायला त्याचा आवाज उपयोगी पडत असेल. ताईने लाँड्री काढली. आणि मी दादाच्या घरी जिन्याखाली गेलो. वहिनीने माझ्यावर चादर घातली, चादरीवर फुलदाणी ठेवली, फुलदाणीच्या जागी पुढे इस्त्री आली. एका उंदराने माझ्या उजव्या स्पीकरचा कागदी पडदा कुरतडला. वीज नाही, म्हणून गुणगुण नाही. पण वीज नसली की विचार बंद होतात असं नाही. पंचवीस वर्षं मी एकच हिशेब करत होतो. बटण दादाच्या हातात होतं हे खरं. पण तो आवाज कुणाचा होता?

मग एका रविवारी भोंगा आला. डोक्यावर एक केस नाही, पोट मात्र ड्रमसारखं.

"मैदानावर जुन्या बँडचा कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "आपल्याला बोलावलंय. दुपारी चार वाजता."

"चार वाजता? हेवी मेटल?"

"अरे, साडेसातला माझी रक्तदाबाची गोळी असते. बरंच आहे ना!"

दादा हसला नाही. "ड्रमवर कोण बसणार?"

भोंग्याने चहाचा कप खाली ठेवला. "ते तू बघ बाबा."

आठ दिवस दादा जिन्यावरून नुसता वर-खाली करत होता. नवव्या दिवशी त्याने चादर ओढून काढली आणि मला टेम्पोत घातलं. मामाकडे दुरुस्तीला न्यायचं होतं. पण वाटेत टेम्पो एका लाँड्रीसमोर थांबला. मागचा फाळका उघडाच होता, म्हणून मला सगळं दिसत होतं. आत तीन मोठी यंत्रं घरघरत होती. ताई पाठमोरी उभी राहून चादरींच्या घड्या घालत होती. केस पिकलेले, हात तसेच भक्कम.

दादा तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि एकदम बोलायला लागला. पाठ करून आला असावा. म्हणाला, "चुकलो मी. तू सांगत होतीस आणि मला ते ऐकायचंच नव्हतं. त्या दिवशी तू उठून गेलीस, तेव्हा मी वळायला हवं होतं. रोज लिफ्टच्या खोलीत मोटर सुरू झाली की मला तेच आठवतं." आणखीही बरंच बोलला.

ताईने एक घडी संपवली, दुसरी सुरू केली. तिने मान वर केली नाही. दादाचा चेहरा उतरला. तो परत फिरला, तेव्हा त्याची सावली चादरीवर पडली. ताईने चमकून पाहिलं.

"अरे! तू कधी आलास?"

मित्रांनो, तिला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. यंत्रांचा आवाज, आणि वर डावी बाजू. तेच सगळं पुन्हा बोलायला दादाकडे बळ उरलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "मैदानावर वाजवायचंय. ये ना."

ताईने हात पुसले. बाहेर येऊन तिने मला नीट न्याहाळलं, उंदराने कुरतडलेल्या भोकात बोट घालून पाहिलं. "हा अजून आहे?"

"आहे."

"स्टेजच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. माझ्यापासून लांब. आणि लाल रेघेच्या पुढे नाही."

"कबूल."

"दादा, मला एकच कान आहे."

"कबूल म्हटलं ना."

मामाची नजर आता मंदावली होती, पण बोटांना सगळं पाठ होतं. स्पीकरचा पडदा नवा आला, दोन व्हॉल्व्ह बदलले. लाल रेघ पुसट झाली होती. मामाने ती भाचीला पुन्हा काढायला लावली, या वेळी जाड.

कार्यक्रमाच्या दिवशी मला सकाळपासून स्वस्थता नव्हती. ऊन स्टेजवर सरळ येत होतं. समोर दोन-तीनशे माणसं. पुढच्या रांगेत आमचे जुने चाहते होते, चष्मे लावलेले, पोटं सुटलेले. माना हलवायला सज्ज, पण हलवायला केसच नव्हते. मागे तरुण पोरं उभी होती. ती आमच्यानंतरच्या बँडसाठी आलेली. त्यांतला एक ओरडला, "आजोबा, दमलात तर खुर्ची देऊ का?"

"दे, बाळा!" भोंगा माईकमध्ये म्हणाला. "पण गाणं संपल्यावर."

सुरुवात काही खास झाली नाही. भोंग्याचा आवाज वरच्या पट्टीत फाटला. शब्द आठवेनात म्हणून त्याने खिशातून कागद काढला, कागद दिसेना म्हणून चष्मा काढला. मुक्याने कमरेला पट्टा बांधला होता. दादाची बोटं दुसऱ्या गाण्यापर्यंत आखडलेलीच होती. फक्त ताई पक्की होती. उजव्या कानात डॉक्टरांनी दिलेलं बूच घालून ती पायांनी, पोटाने, कसं कोण जाणे, ताल धरून होती. हळूहळू बाकीचे तिच्या तालावर आले. तिसऱ्या गाण्याला मागची पोरं पुढे सरकली. चौथ्याला खुर्चीवालाच उड्या मारत होता.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि मैदान ओरडू लागलं, "वाढव! वाढव!"

दादाचा हात माझ्या बटणाकडे आला. सहा. तो थांबला. मैदान पुन्हा ओरडलं. सात. आठ.

पंचवीस वर्षांनी मी डरकाळी फोडली. मला नाही म्हणता आलं नसतं, मी पेटी आहे. पण मला नाही म्हणावंसंही वाटलं नाही, आणि ते मला आजही टोचतं. व्हॉल्व्ह तापले, पेटी थरथरली, तीनशे छात्या धडधडल्या.

आणि ड्रम थांबला.

ताईच्या काठ्या ड्रमवर होत्या आणि उजवा हात कानावर. उजव्या कानावर. दादाची बोटं तारांवर चालूच होती. एक आवर्तन, दुसरं. भोंगा गायचा थांबला. मुका थांबला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच झालं.

मग दादा वळला.

त्याने ताईकडे पाहिलं आणि भर गाण्यात हात तारांवरून काढला. मैदान गप्प. फक्त माझी गुणगुण. दादा स्टेजच्या त्या टोकाकडे धावत सुटला. गिटार गळ्यातच होती. वायर ताणली गेली, तुटल्यासारखी माझ्यातून निसटली आणि माझ्यातून धाडकन आवाज निघाला. सगळे दचकले. दादा थांबला नाही. तो ताईच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसला. तिने कानातलं बूच काढलं. तो तिच्या कानाशी काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. लाँड्रीतलं बोलणं मला ऐकू आलं होतं, तिला नाही. या वेळचं फक्त तिला ऐकू आलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिने त्याच्या टकलावर काठीने हलकेच एक ठोका दिला.

दादा परत आला. त्याने मला पाचवर आणलं, वायर लावली. ताईने काठ्या एकमेकींवर चार वेळा आपटल्या आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

"पहिल्यापासून?" भोंगा कळवळून माईकमध्ये म्हणाला. "मेलो!"

सगळं मैदान हसलं. आणि मित्रांनो, पाचवर वाजलेलं ते गाणं मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं. शब्द कळले. ताईच्या पायाचा प्रत्येक ठोका कळला. इतकी वर्षं मी तो माझ्याच आवाजाखाली गाडत आलो होतो.

आता मी लाँड्रीत राहतो. गुरुवारी दुकान बंद असतं, तेव्हा चौघं जमतात. मामा धुतलेल्या गोधड्यांच्या ढिगावर बसून डुलक्या घेतो. ताईचा उजवा कान दर तीन महिन्यांनी तपासावा लागतो. परवाच्या तपासणीत तो होता तसाच होता. त्या दिवशी दादा दवाखान्याच्या दारात येरझारा घालत होता म्हणे. माझी खुमखुमी मात्र अजून गेलेली नाही. तीनवर वाजवतात तेव्हा मी आतल्या आत तडफडतो. दहापर्यंत आकडे असलेल्याला तीनवर राहणं सोपं नसतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला ओलीपासून जपा, उंदरांपासून वाचवा, असं मी जरूर म्हणेन. मी जुना आहे, मला ते लागतं. पण माझा स्पीकर फाटला तर नवा पडदा मिळतो. कानाला तो मिळत नाही. तुमच्या घरातही आवाजाचं एखादं बटण असेल, कदाचित तुमच्या गळ्यातच असेल. शेजारी बसलेलं कुणी "जरा हळू" म्हणालं, तर बटणाकडे नंतर पाहा, आधी त्या माणसाकडे वळा. आणि त्याला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावू नका.